पत्ता १६९ ने सुरू होतो तेव्हा

वायफायचे पट्टे भरलेले आहेत, पासवर्ड बरोबर आहे, राउटरचे हिरवे दिवे नेहमीसारखे लुकलुकतायत, आणि तरी एकही पान उघडत नाही. अशा वेळी घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो: राउटरचं बटण बंद करायचं, थोडं थांबायचं, परत चालू करायचं. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं की वायरी उपसल्या जातात, कुणीतरी टाचणी शोधून मागचं रिसेटचं भोक टोचतं, आणि दहा मिनिटांत सुटणाऱ्या गोष्टीला दोन दिवस लागतात. माझं म्हणणं असं की, वायरीला हात लावायच्या आधी एक आकडा वाचावा. तो लॅपटॉपवर किंवा फोनवर दिसतो, फुकट दिसतो, आणि बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा तोच सांगून टाकतो.

हा आकडा म्हणजे आपल्या यंत्राचा आयपी पत्ता. फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली की तो दिसतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाईप करून एंटर दाबायचं, की चार-सहा ओळी येतात. त्यातली ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ ही ओळ बघायची. घरातलं सगळं ठीक असेल तर तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा काहीतरी आकडा असतो, क्वचित १० ने सुरू होणारा. तिथे १६९.२५४ दिसलं, तर आपल्या यंत्रानं पत्ता मागितला होता आणि त्याला कुणीच उत्तर दिलं नाही, असा त्याचा अर्थ. आयफोन आणि मॅकही अशा वेळी १६९.२५४ चाच पत्ता घेतात. अँड्रॉइड तसं करत नाही. तो ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असं बराच वेळ सांगत राहतो आणि मग जोडणीच सोडून देतो.

हे मागणं आणि देणं कसं चालतं, ते एकदा समजून घेतलं की पुढचं अर्धं काम आपोआप होतं. नेटवर्कला नव्यानं जोडल्या गेलेल्या यंत्राला स्वतःचा पत्ता नसतो, राउटरचा पत्ताही माहीत नसतो. मग ते बोलणार कोणाशी? ते स्वतःचा पत्ता ०.०.०.० लिहितं आणि २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, म्हणजे त्या तारेवर जे कुणी ऐकत असेल त्या सगळ्यांना, हाक मारतं: पत्ते वाटणारं कुणी आहे का? ओळख म्हणून सोबत आपला मॅक पत्ता देतं. मॅक पत्ता म्हणजे कारखान्यातून वायफायच्या किंवा तारेच्या चिपवर बसून आलेला ४८ बिटांचा क्रमांक. राउटरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम ही हाक ऐकायलाच बसलेला असतो. तो आपल्या यादीतला एक मोकळा पत्ता पुढे करतो: हा घे, चालेल का? यंत्र पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतं की, मी अमक्याकडचा तमका पत्ता घेतोय. सगळ्यांना सांगायचं कारण असं की दुसऱ्या कुणी पत्ता देऊ केला असेल तर त्यानं तो परत यादीत ठेवावा. मग राउटर ‘मंजूर’ म्हणतो. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅकनॉलेज असे हे चार निरोप. पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मिळतात: बाहेर जायचा दरवाजा कोणता म्हणजे गेटवे, नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस सर्व्हर कोणता, आणि हा पत्ता किती वेळ आपला. एरवी हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उरकतं.

या व्यवहाराचं नाव डीएचसीपी. त्याची पहिली नियमावली ऑक्टोबर १९९३ मध्ये आली. ती लिहिणारे राल्फ ड्रॉम्स त्या वेळी अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठात होते. आज जी चालते ती सुधारलेली आवृत्ती मार्च १९९७ ची. त्याआधी १९८५ पासून बूटपी नावाची पद्धत होती, पण तिच्यात कोणत्या यंत्राला कोणता पत्ता हे माणसानं आधीच तक्त्यात भरून ठेवावं लागे. कचेरीत नवा संगणक आला की नेटवर्कवाल्यानं वही काढायची, मोकळा आकडा शोधायचा, तो संगणकात हातानं भरायचा. दोघांना चुकून एकच आकडा दिला गेला की दोघांचंही नेट अडखळायचं आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. डीएचसीपीनं ही वही राउटरच्या पोटात टाकली आणि पत्ता कायमचा द्यायच्या ऐवजी मुदतीवर द्यायला सुरुवात केली. लॉजमध्ये खोली मिळते तशी: मुदत संपायच्या आत वाढवून घ्या, नाहीतर किल्ली परत.

ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण एका चमत्कारिक तक्रारीचं उत्तर तिच्यात आहे. घरातल्या सगळ्यांचे फोन व्यवस्थित चालू असतात, आणि आलेल्या पाहुण्याचा फोन मात्र काही केल्या जोडला जात नाही. सगळे म्हणतात, तुमच्या फोनमध्येच काहीतरी असेल. बहुतेक वेळा फोनचा काही दोष नसतो. राउटरमधला पत्ते वाटणारा प्रोग्रॅम अडकून पडलेला असतो, पण घरच्यांच्या खिशात कालचे पत्ते आहेत आणि त्यांची मुदत संपलेली नाही, म्हणून त्यांना काही जाणवत नाही. मुदत अर्धी झाली की यंत्र गुपचूप राउटरला विचारतं, वाढवून देता का? उत्तर नाही आलं तर थांबतं, अधूनमधून परत विचारतं. सात-अष्टमांश मुदत गेली की मग घाबरून सगळ्यांनाच हाक मारतं. तरी कुणी बोललं नाही, तर मुदत संपल्यावर पत्ता सोडावाच लागतो. त्यामुळे राउटर सकाळी अडकला, तरी घरातले फोन संध्याकाळी एकेक करून गळतात, आणि कुणालाच सकाळ आठवत नाही. दुसरं कारण साधं: यादी संपलेली असते. १०० ते १४९ एवढेच पत्ते वाटायचे असं राउटरमध्ये लिहिलेलं असेल, तर ५० यंत्रं झाली की ५१ व्याला पत्ता नाही. ५० म्हणजे फार वाटतात, पण टीव्ही, कॅमेरे, बल्ब, प्रत्येकाचे फोन, गेल्या आठवड्यात येऊन गेलेली मंडळी, आणि मुदत सात दिवसांची, असं असलं की आकडा गाठायला वेळ लागत नाही. बरेचसे घरगुती राउटर ही यादी नुसती स्मृतीत ठेवतात, वीज गेली की ती पुसली जाते. राउटर बंद-चालू करण्याच्या त्या ठरलेल्या उपायाला यश येतं ते यामुळे. दर दोन दिवसांनी तो करावा लागत असेल, तर यादी मोठी करा किंवा मुदत २४ तासांवर आणा.

आता १६९.२५४ चा पत्ता स्वतः कुठून येतो? तो राउटर देत नाही, केबलवालाही देत नाही. हाकेला उत्तर आलं नाही की यंत्र हा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन टाकतं. मागणीची हाक एकदाच मारली जात नाही. नियमावलीनं सुचवलेलं असं, की आधी सुमारे ४ सेकंद थांबावं, मग ८, मग १६, असं दुप्पट करत ६४ पर्यंत जावं. तेवढ्यात कुणी बोललं नाही, तर १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या साठ्यातला कुठला तरी आकडा यंत्र उचलतं, तो आणखी कुणी वापरत नाही ना एवढं तपासतं आणि अंगावर घेतं. मायक्रोसॉफ्टनं ही सोय विंडोज ९८ पासून दिली, आणि मे २००५ मध्ये तिची रीतसर नियमावली झाली. त्यामागचा हेतू चांगला होता: राउटर नसलेल्या खोलीत दोन संगणक तारेनं जोडले तर त्यांना आपापसात फाइली देता-घेता याव्यात. इंटरनेटला मात्र या पत्त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण राउटरनं तो पुढे पाठवायचाच नाही असा नियम आहे. विंडोज असा पत्ता घेतल्यावरही दर पाच मिनिटांनी परत हाक मारून बघतं. त्यामुळे लोडशेडिंगनंतर वीज आली आणि लॅपटॉप राउटरच्या आधी जागा झाला, तर थोडा धीर धरला तरी काम होतं. धीर नसेल तर त्याच काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा, तिरकी रेघ आणि ‘रिलीज’, मग तसंच ‘रिन्यू’. पत्ता सोडला, पुन्हा मागितला.

तपासाची पहिली पायरी तारेची नाही, प्रश्नाची आहे: एकाच यंत्राला पत्ता मिळत नाही, की सगळ्यांना? एकालाच मिळत नसेल तर राउटरला दोष देऊ नका. लॅपटॉप कचेरीतला असेल तर तिथल्या माणसानं त्यात पत्ता हातानं भरून ठेवलेला असणं ही नेहमीची गोष्ट. अशा लॅपटॉपवर १६९ दिसत नाही, भलताच पण व्यवस्थित आकडा दिसतो, आणि म्हणूनच तो फसवतो. अ‍ॅडॅप्टरच्या गुणधर्मांमध्ये जाऊन ‘पत्ता आपोआप मिळवा’ यावर खूण करायची. व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस काढून टाकल्यावर त्याचे अवशेष राहतात आणि हाक बाहेरच जाऊ देत नाहीत, हेही घडतं. तारेनं जोडलेल्या एकाच संगणकाला अडचण असेल, तर वायर बदलून पाहणं सगळ्यात स्वस्त. आरजे-४५ च्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटलेली असते, टोक पोर्टमध्ये नुसतं टेकलेलं असतं, दिवा लागतो आणि निरोप मात्र जात नाही. पावसाळ्यात खिडकीतून आत आलेल्या वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढतो. तोही हेच करतो.

सगळ्यांनाच मिळत नसेल तेव्हा एक चाचणी मला फार आवडते, कारण ती बिघाडाचे दोन तुकडे करते. एका लॅपटॉपवर पत्ता तात्पुरता हातानं भरा. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा, आणि डीएनएसच्या चौकटीतही राउटरचाच पत्ता. आता ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचं पान उघडतंय का बघा. उघडलं, तर तार, वायफाय, लॅपटॉप सगळं धडधाकट आहे आणि पत्ते वाटणारा प्रोग्रॅमच बंद आहे. त्याच पानावर लॅनच्या भागात डीएचसीपी सर्व्हर चालू करायची खूण असते. पान उघडलं नाही, तर निरोप राउटरपर्यंत पोचतच नाही. मग वायर, पोर्ट किंवा राउटर. चाचणी झाली की लॅपटॉप परत ‘आपोआप’वर आणा, नाहीतर पुढच्या प्रवासात हॉटेलातल्या वायफायवर तुम्हीच हा लेख शोधत बसाल.

इथपर्यंत घराच्या आतलं झालं. बाहेरच्या बाजूला राउटर स्वतःच मागणारा असतो. त्याला इंटरनेट देणाऱ्याकडून एक पत्ता हवा असतो, आणि तो त्याच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली दिसतो. तिथे ०.०.०.० असेल तर घरातल्या सगळ्यांना १९२.१६८ चे छान पत्ते असूनही नेट नसणार. नव्या राउटरच्या बाबतीत आपल्याकडे सर्वाधिक वेळ खाणारी गफलत इथेच होते. राउटर खोक्यातून येतो तो ‘डायनॅमिक आयपी’वर, म्हणजे बाहेरच्या बाजूनंही डीएचसीपीनंच पत्ता मागायचा असं ठरवून. आपल्याकडच्या कित्येक फायबर आणि केबल जोडण्या मात्र पीपीपीओईवर चालतात. तिथे आधी नाव आणि पासवर्ड सांगायचा, तो पटला तरच पत्ता. ही पद्धत १९९९ ची. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घरांमध्ये ती रुळली आहे. डीएचसीपीच्या हाकेला पीपीपीओईवाला सर्व्हर उत्तरच देत नाही, त्यामुळे राउटर जन्मभर हाका मारत बसला तरी ०.०.०.० च. वॅनचा प्रकार पीपीपीओई करायचा, नाव-पासवर्ड भरायचा, आणि फायबरवर बऱ्याच ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही द्यावा लागतो, तो विचारून घ्यायचा.

म्हणूनच टाचणीवाल्यांना माझा विरोध. रिसेट दाबला की हे सगळं, नाव, पासवर्ड, व्हीलॅन, पुसलं जातं. बहुतेक घरांत ते कुठेच लिहिलेलं नसतं, कारण बसवणाऱ्या मुलानं स्वतःच्या फोनवरून बघून भरलेलं असतं. आधी एका बिघाडाचा शोध होता, आता दोन झाले.

नाव-पासवर्ड नसलेल्या जोडण्यांवर वेगळा अडसर येतो. कित्येक केबलवाले ग्राहकाच्या राउटरचा मॅक पत्ता आपल्याकडे नोंदवून ठेवतात आणि फक्त त्यालाच उत्तर देतात. राउटर बदलला की शांतता. एक फोन करून नवा मॅक कळवावा, किंवा राउटरच्या पानावरच्या ‘मॅक क्लोन’ने जुन्याचा क्रमांक नव्यावर चढवावा. हीच नोंदवही घरात ठेवणाऱ्यांनाही हल्ली त्रास होतो. मुलांच्या टॅबला ठरावीक पत्ता, ठरावीक वेळ, असं राउटरमध्ये मॅकवरून बांधून ठेवलेलं असतं. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खरा मॅक न सांगता एक बनावट मॅक सांगतो. पाळत ठेवणाऱ्यांपासून बचाव म्हणून हे चांगलंच आहे. घरच्या वायफायपुरतं ते बंद करता येतं.

दोन राउटर असलेल्या घरांची कथा आणखी निराळी. कंपनीनं दिलेला ओएनटी, म्हणजे घरात आलेली फायबर ज्याला जोडतात तो डबा, स्वतःच राउटरचं काम करतो आणि पत्ते वाटतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण आणखी एक आणतो. दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला आत आणि बाहेर एकच मोहल्ला दिसतो आणि निरोप कुठल्या बाजूला टाकायचा हे त्याला ठरवता येत नाही. काही राउटर हे ओळखून आपला आकडा बदलतात, बाकीचे नुसते गप्प राहतात. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.५.१ करा, नाहीतर त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करा: लॅनमधून लॅनमध्ये वायर, आणि त्याचं पत्ते वाटणं बंद. ते बंद करायला विसरलात तर मजा पाहण्यासारखी असते. हाकेला दोघेही उत्तर देतात, जो आधी बोलेल त्याचं यंत्र ऐकतं, आणि दुसऱ्याचं ऐकलं तर गेटवे म्हणून असा दरवाजा मिळतो ज्याच्या पलीकडे काही नाही. मग एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाचं नेट चालतं, एकाचं नाही, आणि थोड्या वेळानं उलटं होतं.

हीच गोष्ट इमारतीभर होऊ शकते. जिथे फायबर तळमजल्यावरच्या पेटीत येऊन पुढे प्रत्येक घरात साधी लॅनची वायर जाते, तिथे ती वायर राउटरच्या कडेच्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये लावायची असते. कुणी ती शेजारच्या चार लॅन पोर्टांपैकी एकात लावली, की त्याचा राउटर पेटीतल्या स्विचमार्फत अख्ख्या इमारतीला पत्ते वाटायला लागतो. तो जवळ आहे, त्यामुळे केबलवाल्याच्या दूरच्या सर्व्हरच्या आधी बोलतो. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या राउटरला वॅनवर १९२.१६८.०.१०५ असा पत्ता मिळतो, आणि त्यानं १९२.१६८.०.१ उघडलं तर पहिल्या मजल्यावरच्या घराचं राउटरचं पान समोर येतं. डीएचसीपीमध्ये पत्ते देणाऱ्यानं आपण कोण हे सिद्ध करायची सोयच मुळात नव्हती. १९९७ च्या नियमावलीनं आपण असुरक्षित आहोत हे स्वतःच कबूल केलं आहे. पेटीतला स्विच जरा महागातला असेल तर ग्राहकाच्या बाजूनं आलेलं असं उत्तर तो अडवतो. त्याला डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात. स्वस्तातला असेल तर मजल्यामजल्यावर जाऊन वायरी बघणं आलं.

वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा दिसला तर दचकू नका. आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच ४२९ कोटींच्या आसपास, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्यामुळे एक जाहीर पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्यासाठी २०१२ मध्ये हा टप्पा राखून ठेवला गेला. तुम्हाला पत्ता मिळालेला आहे, फक्त तो एकट्या तुमचा नाही. घरातला कॅमेरा बाहेरून थेट बघता येत नाही, याचं कारण अनेकदा हेच असतं.

तक्रार करायची वेळ आलीच, तर ‘नेट येत नाही’ म्हटलं की पलीकडून ‘राउटर रिस्टार्ट करा’ एवढंच येतं. त्याऐवजी ओएनटीचे दिवे आधी बघून ठेवा. एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच येत नाहीये, फायबर तुटलीय किंवा वाकलीय, आणि पत्त्यांचा प्रश्नच पुढचा. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर सांगा: पॉन हिरवा आहे, वॅनवर ०.०.०.० आहे, पीपीपीओई आहे, आणि राउटरच्या लॉगमध्ये अमुक लिहून येतंय. लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असेल तर पासवर्ड चुकलाय किंवा खातं बंद केलंय, आणि ते त्यांच्या पडद्यावर लगेच दिसतं. नुसतं ‘टाइमआउट’ असेल तर त्यांचा सर्व्हर तुमच्यापर्यंत पोचत नाहीये, व्हीलॅन चुकलाय किंवा पेटीतलं काहीतरी गेलंय. माणूस पाठवा, असं मग ठामपणे म्हणता येतं. तो आला की काम झाल्यावर नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक त्याच्याकडून लिहून घ्या आणि ओएनटीच्या पाठीला चिकटपट्टीनं लावून टाका.